येडशीचे ऊन आणि वायपरचे रबर

वायपरचे सगळे काम रबराच्या एका बारीक कडेवर अवलंबून असते. काचेवरून सरकताना ही कड मागे झुकते, आणि वायपरचा दांडा उलट फिरला की कलंडून दुसऱ्या बाजूला झुकते. प्रत्येक फेरीत हे दोनदा घडते. मंद गतीत मिनिटाला साधारण 45 फेऱ्या धरल्या, तर तासाभराच्या पावसात या कडेला पाच हजारांहून अधिक वेळा कूस बदलावी लागते. रबर लवचीक असेल तोवर ती सहज कलंडते आणि मागे राहणारा पाण्याचा थर डोळ्यांना जाणवत नाही. रबर कडक झाले की कड कलंडायचे नाकारते. मग पट्टी काचेवर थडथडते, पाणी पुसण्याऐवजी पसरवते, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्या पसरलेल्या पाण्यात फुटून चालकाच्या डोळ्यांत शिरतो.

जुन्या गाडीसाठी पट्टी कोणती घ्यावी, कधी बदलावी आणि कशी सांभाळावी, याचे उत्तर गाडी कुठे उभी राहते यावर बरेचसे ठरते. धाराशिव तालुक्यातले येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेवरचे गाव. सोलापूरहून बीडमार्गे धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 आणि लातूर-बार्शी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. शेजारी रामलिंगचे देवस्थान आणि 1997 साली घोषित झालेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस जून ते ऑक्टोबर, तोही तुटक. कधी महिनाभर ओढ देतो, तर कधी सप्टेंबरात एकदम कोसळतो. 2025 च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात अतिवृष्टीने पूर आले. वर्षाचे उरलेले सात-आठ महिने वायपर कोरड्या, तापलेल्या, धुळीने माखलेल्या काचेवर नुसता पडून असतो.

अशा गावात वायपरवर बोलणे निघाले तर दोन बाजू पडतात. एक जुन्या मारुती 800 च्या मालकाची, ज्याने आयुष्यभर गाडी स्वतः चालवली आणि स्वतःच जपली. दुसरी महामार्गालगतच्या गॅरेजमधल्या तरुण मिस्त्रीची. मारुती 800 चे उत्पादन 1983 च्या डिसेंबरात सुरू झाले आणि 2014 मध्ये थांबले, म्हणजे आज रस्त्यावर असलेली या जातीची प्रत्येक गाडी जुनीच. दोघांच्या बोलण्यात जुन्या गाडीचे जवळपास सगळे प्रश्न येतात.

मालक : पट्ट्या बसवून तीन पावसाळे झाले. पण त्यांनी काम केलं किती? कोकणातली गाडी एका जुलैत जेवढं पाणी पुसते, तेवढं माझ्या गाडीनं तीन वर्षांत मिळून पुसलं नसेल. मग दरवर्षी नवीन पट्टी कशापायी?

मिस्त्री : मामा, आपल्याकडं पट्टी पुसून झिजत नाही, पडून मरते. तुमची गाडी दिवसभर उघड्यावर असते. मार्च ते मे ते रबर तापलेल्या काचेला चिकटून पडलेलं असतं. पावसाचा हिशेब लावू नका, उन्हाळ्याचा लावा.

मालक : ऊन तर टायरलाही लागतं. ते बरे पाच-सहा वर्षं टिकतात!

मिस्त्री : टायरचं रबर बोटांएवढं जाड. वरचा थर उन्हानं गेला तरी आत माल शिल्लक राहतो. पट्टीची कड कागदापेक्षा थोडीच जाड. तिचा वरचा थर गेला म्हणजे ती सगळीच गेली.

येथे मिस्त्रीची बाजू भक्कम आहे आणि तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. बहुतेक स्वस्त पट्ट्यांत नैसर्गिक रबराचा मोठा वाटा असतो. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमक्या याच बंधांवर हल्ला करतो. ओझोन जमिनीलगतही तयार होतो. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन एकत्र आले की तो वाढतो, आणि महामार्गालगतच्या गावात दोन्हींची वाण नसते. ताणलेल्या किंवा वाकलेल्या रबराला ओझोनने आडव्या बारीक भेगा पडतात. सूर्यातले अतिनील किरण पृष्ठभाग ठिसूळ करतात. उष्णता तिसरेच काम करते : कारखान्यात रबर गंधकाने पक्के करण्याची जी क्रिया झालेली असते, ती तापलेल्या काचेवर सावकाश पुढे चालू राहते आणि रबर गरजेपेक्षा अधिक पक्के, म्हणजे कडक होते. यात आणखी एक तोटा असतो. वायपर बंद केल्यावर कड एका बाजूला झुकलेल्या अवस्थेत थांबते. महिनोन्‌महिने तशीच राहिली तर ती त्याच बाजूला कायमची वळते, आणि जूनच्या पहिल्या पावसात उलट्या फेरीला पुसतच नाही.

म्हणून येडशीसारख्या ठिकाणी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पट्टीचे आयुष्य कॅलेंडरवर मोजणे शहाणपणाचे. एक उन्हाळा काढलेली पट्टी मे अखेरीस संशयानेच पाहावी. पत्र्याच्या किंवा झाडाच्या सावलीत राहणाऱ्या गाडीला दोन वर्षे मिळू शकतात. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. दांडा उचलून रबराची कड दोन बोटांत धरावी आणि दोन्हीकडे वाकवून पाहावी. ती दोन्हीकडे सारखीच वाकून पुन्हा सरळ होत असेल, तिच्यावर भेगा नसतील आणि बोटावर काळी भुकटी भरपूर उतरत नसेल, तर तिच्यात जीव आहे. थोडी काळी पूड नव्या पट्टीवरही उतरते. ती ग्राफाइटची असते, घर्षण कमी व्हावे म्हणून लावलेली, आणि तिला घाबरायचे कारण नाही.

मालक : मग उन्हाळ्यात दांडे उभे करून ठेवतो. रबर काचेला टेकणारच नाही.

मिस्त्री : तसं करणारे पुष्कळ आहेत. पण वारं सुटलं, नाहीतर पोरांनी खेळता खेळता हात लावला, की दांडा स्प्रिंगच्या जोरानं काचेवर आपटतो. रबर असेल तर निभावतं. पट्टी काढलेली असेल तर लोखंडच काचेवर बसतं. काच गेली की पट्टीच्या कितीपट खर्च, तो तुम्हीच मोजा.

मालक : पट्टीच काढून डिक्कीत ठेवली तर? चार महिने लागतच नाही.

मिस्त्री : आणि अवकाळी आली तर?

हा प्रश्न मराठवाड्यात कोणी सहज उडवून लावू शकत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात झालेली गारपीट अजून लोकांच्या लक्षात आहे. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या सरी तर नेहमीच्या, आणि त्यांचे पहिले काही थेंब काचेवरच्या धुळीचा चिखल करतात. पट्ट्या काढून ठेवण्याचा मालकाचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. हूकवाली पट्टी अर्ध्या मिनिटात निघते आणि अर्ध्या मिनिटात बसते. मात्र ती गाडीतच, अंधाऱ्या जागी, सरळ ठेवलेली हवी, आणि दांड्याच्या उघड्या टोकाला जाड कापड गुंडाळून तो काचेवर अलगद टेकवलेला हवा. एवढी शिस्त ज्याला जमत नाही त्याने पट्टी जागेवरच ठेवावी, गाडी सावलीकडे तोंड करून उभी करावी, आणि काचेवर टाकायचा पुठ्ठा किंवा कापड पट्टीच्या वरून टाकावे. अनेक जण ते पट्टीखाली दाबतात. त्यामुळे गाडीचा आतला भाग थंड राहतो, पण रबर उन्हातच राहते.

पट्टीच्या वयापेक्षा अधिक गैरसमज तिच्या दोषाबद्दल आहेत. जुन्या गाडीत पुसणे बिघडले की पहिला दोष पट्टीवर जातो. नवी पट्टी घातली तरी बिघाड तसाच राहिला, की लोक माल डुप्लिकेट निघाला म्हणतात. या ठिकाणी मालकाचा अनुभव मिस्त्रीवर मात करतो.

मालक : तू पट्टी पट्टी करतोस, पण आधी काच वाच की. काचेवर रेघा कशा उमटतात त्यावरून कळतं, रोग कुठं आहे.

मिस्त्री : बोला मामा.

मालक : बारीक रेघ, दर फेरीला त्याच जागी. तिथं कडेला खाच पडली असेल, नाहीतर खडा अडकला असेल. आधी ओल्या फडक्यानं कड पूस. रेघ गेली तर पट्टी वाचली.

मिस्त्री : आणि चार बोटं रुंद पट्टा तसाच ओला राहत असेल तर?

मालक : तर तिथं पट्टी काचेला टेकतच नाही. फ्रेम वाकली असेल, नाहीतर दांड्याच्या स्प्रिंगमधला जोर गेला असेल. नवं रबर घालून तिथं काही फरक पडणार नाही.

मिस्त्री : जाताना गुपचूप आणि येताना थडथड?

मालक : दांडा पिळलाय.

या शेवटच्या दोन शब्दांत मोठा मुद्दा आहे. पट्टी काचेवर काटकोनात उभी असली पाहिजे. तशी असेल तरच कड दोन्ही दिशांना सारखी झुकते. जुन्या गाडीत काच पुसताना दांडा वर्षानुवर्षे ओढला जातो, कधी गाडी धुताना ब्रशात अडकतो, आणि टोकाशी किंचित पिळतो. मग पट्टी एका बाजूला कललेली राहते. एका फेरीत ती कड मागे ओढत नेते आणि नीट पुसते, उलट फेरीत तीच कड समोरून काचेत रुतते आणि उड्या मारते. तपासायला पट्टी काढून दांड्याचे टोक पाहावे. टोकाचा सपाट भाग त्या जागच्या काचेला समांतर दिसला पाहिजे. तो कलला असेल तर पाना आणि पकड अशा दोन हत्यारांनी अगदी थोडे, पुन्हा पुन्हा तपासत सरळ करावे, आणि त्या वेळी काचेवर जाड टॉवेल अंथरलेला असावा. दांडा पिळताना मधल्या सांध्यावर जोर येता कामा नये. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि यात पैसे जात नाहीत. म्हणूनच बहुधा ते कोणी सुचवत नाही.

स्प्रिंगचा जोर मोजायला साधने आहेत, पण घरी तुलना पुरते. डावा आणि उजवा दांडा एकापाठोपाठ उचलावा. एक सहज उचलला जात असेल तर त्याची स्प्रिंग थकली किंवा सांधा गंजून अडकला. सांध्यावर तेलाचा थेंब सोडून दांडा चार-पाच वेळा वर-खाली करावा, मग पुन्हा पाहावे. अडकलेला सांधा मोकळा होतो, थकलेली स्प्रिंग होत नाही. तिथे दांडाच बदलावा लागतो.

काचेवर उरणारे धुके हा वेगळा प्रकार आहे. पट्टी फिरल्यावर क्षणभर पांढुरकी झाक राहते आणि मग विरते. तिचे कारण बहुतेक वेळा काचेवरची चिकट साय असते : डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल, धुलाईनंतर चोळलेले पॉलिश. हंगामात ढोकी आणि आसपासच्या साखर कारखान्यांकडे उसाची वाहने जातात, त्यांच्यामागे तासभर चाललेल्या गाडीच्या काचेवर धूळ आणि धुराचा असा थर बसतो की साध्या पाण्याने तो निघत नाही. काच साबणाच्या पाण्याने धुवून, स्वच्छ पाण्याने निथळून, कोरड्या सुती फडक्याने पुसली आणि त्यानंतर वायपर लावला, तर जुन्या पट्टीचाही कस कळतो. काच स्वच्छ न करता नवी पट्टी लावणे म्हणजे पैसे धुळीत घालणे.

मालक : आम्ही तर पूर्वी तंबाखू चोळायचो काचेवर. वायपर बंद पडला तरी घाट पार व्हायचा.

मिस्त्री : ऐकलंय. कोणी बटाटा चोळायचे.

मालक : थेंब थांबत नाही, पाणी पसरून खाली जातं.

जुन्या चालकांचा हा उपाय निराधार नाही. काच तेलकट असली की पाणी थेंब थेंब होऊन थांबते आणि प्रत्येक थेंब उजेड वाकवतो. बटाट्याच्या किंवा तंबाखूच्या रसाचा पातळ थर पाणी काचेवर सपाट पसरवतो, त्यामुळे काही मिनिटे दिसते. पण तो थर पावसाने धुपतो, आणि रात्री समोरच्या दिव्यात त्याची झाक त्रास देते. गाडी सुरक्षित जागी नेऊन थांबवण्यापुरताच त्याचा उपयोग समजावा. याच्या उलट तत्त्वावरचे लेप आता दुकानांत मिळतात. ते पाणी थेंब थेंब करून वाऱ्याने उडवतात. महामार्गावरच्या वेगात ते काम देतात, पण गावातल्या संथ चालीत थेंब तसेच बसून राहतात, आणि जुनी पट्टी त्या लेपावर अनेकदा थडथडते.

पाणी हा येडशीचा स्वतंत्र विषय. खाली दख्खनचा काळा बेसॉल्ट, आणि बहुतेक घरांत बोअरचे पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. हेच पाणी वायपरच्या टाकीत भरले तर उन्हात ते सुकून फवाऱ्याच्या बारीक छिद्रात चुन्याचा दगड तयार होतो, आणि काचेवर पांढरे ठिपके बसतात. त्या ठिपक्यांवरून पट्टी वारंवार फिरली की कड खरवडली जाते.

मिस्त्री : माझ्याकडं दहा गाड्या येतात, त्यांतल्या निम्म्यांची टाकी कोरडी. उरलेल्यांचा फवारा बुजलेला.

मालक : टाकीत पाणी भरायचं लक्षातच राहत नाही. पावसाळ्यात वरून पडतंय, उन्हाळ्यात वायपर लावायचाच नाही.

मिस्त्री : उन्हाळ्यात धूळ बसली की तुम्ही काय करता?

मालक : एकदा फिरवतो. धूळ बाजूला होते.

मिस्त्री : तिथंच काच जाते मामा.

मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे. काचेची कठीणता मोह्सच्या मापावर साधारण साडेपाच धरली जाते. बेसॉल्टमध्ये मुख्यतः असणारी फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे पाच ते साडेसहाच्या दरम्यान येतात, म्हणजे खडीच्या चुऱ्यातला कण काचेला ओरखडा पाडू शकतो. काळ्या मातीची मऊ पूड तेवढे नुकसान करत नाही, पण रस्त्यावरच्या धुळीत दोन्ही मिसळलेले असते. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की असे कण रबराखाली अडकून अर्धवर्तुळाकार ओरखडे उमटवतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री पाऊस आणि समोरचे दिवे एकत्र आले की ते एकदम उजळतात, आणि त्यांवर कुठल्याही पट्टीचा इलाज चालत नाही. म्हणून आधी पाणी, मग वायपर, हा क्रम कधी मोडू नये. टाकीत आरओचे किंवा गाळून साठवलेले पावसाचे पाणी भरावे, त्यात गाडीच्या काचेसाठी मिळणारे द्रावण थोडे घालावे. भांड्यांचा साबण फेस करतो आणि सुकल्यावर चिकट थर ठेवतो. बुजलेले छिद्र बारीक सुईने मोकळे होते. काचेवरचे पांढरे ठिपके पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात, मात्र ते रंगावर ओघळू न देता लगेच धुवून टाकावे.

आता निवड. दुकानात तीन प्रकार समोर येतात. पहिला जुना, लोखंडी फ्रेमचा. यात एक मोठी कमान, तिच्या टोकांना लहान कमानी, आणि त्यांच्या नख्यांत धरलेले रबर असते. दांड्याचा दाब सहा ते आठ ठिकाणी वाटला जातो, आणि कमानी सांध्यांवर हलत असल्याने पट्टी वेगवेगळ्या वळणाच्या काचेशी जुळवून घेते. दुसरा फ्रेमलेस, म्हणजे सपाट पट्टीचा. त्यात रबरामागे आधीच वाकवलेले पोलादी पाते असते आणि दाब त्याच्या वळणातून पसरतो. बॉश कंपनीने 1926 मध्ये विजेवरचा वायपर बाजारात आणला आणि याच कंपनीच्या सपाट पट्ट्या 1999 पासून गाड्यांवर दिसू लागल्या. तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला : आत कमानी आणि वर प्लास्टिकचे आवरण.

मिस्त्री : सपाट घ्या मामा. फ्रेम नाही, गंज नाही, सांध्यांत धूळ नाही. वेगात वाऱ्यानं उचललीही जात नाही.

मालक : माझी गाडी वेगात जातेच कधी? आणि दिसायला छान म्हणून काचेला टेकेल कशावरून?

मालकाची शंका अगदी योग्य आहे. सपाट पट्टीचे वळण एखाद्या ठरावीक काचेसाठी दिलेले असते. नव्या गाड्यांच्या काचा बऱ्याच वळणदार असतात. जुन्या गाड्यांच्या काचा सपाटीकडे झुकलेल्या, आणि जुन्या जीपची काच तर सरळ सपाटच. काचेपेक्षा पट्टीचे वळण जास्त असेल तर तिची टोके आधी टेकतात आणि थकलेल्या स्प्रिंगला मधला भाग दाबून सपाट करणे जमत नाही. मग नेमका चालकाच्या डोळ्यांसमोरचा भाग ओला राहतो. उलट काच पट्टीपेक्षा अधिक वळणदार असेल तर टोके हवेत राहतात. लोखंडी फ्रेमला ही अडचण फारशी येत नाही. येडशीच्या धुळीत तिचे सांधे अडकतात हे खरे, पण पाण्याने धुतले की सुटतात. जुन्या, सपाटसर काचेच्या गाडीला चांगल्या प्रतीची लोखंडी फ्रेमची पट्टी हीच पहिली निवड असावी. दांड्याची स्प्रिंग नवी असेल आणि काचेवर ठेवून पाहता येत असेल, तर सपाट पट्टी घ्यायला हरकत नाही.

लांबीचा नियम याहून सोपा. दुकानात पट्टी इंचांत मागतात. जुन्या पट्टीचे रबर टोकापासून टोकापर्यंत मोजावे, आणि डाव्या-उजव्या दोन्ही मोजाव्यात, कारण अनेक गाड्यांत त्या वेगळ्या असतात. जास्त जागा पुसली जाईल म्हणून लांब पट्टी घालण्याचा मोह टाळावा. ती काचेच्या बाजूच्या खांबावर आपटते किंवा दुसऱ्या पट्टीत अडकते, आणि जुन्या मोटरवर भार वाढतो. दांड्याचे टोकही पाहून जावे. बऱ्याच गाड्यांवर आकड्यासारखा वळलेला हूक असतो, पण त्याची रुंदी आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. काही जुन्या गाड्यांवर सरळ खुपसायचे पाते किंवा आडवी पिन असते. जुनी पट्टी पिशवीत घालून धाराशिवच्या किंवा बार्शीच्या दुकानात नेली की हा सगळा घोळ मिटतो.

मालक : अख्खी पट्टी नको. नुसतं रबर घालून दे. फ्रेम ठणठणीत आहे.

मिस्त्री : नुसतं रबर मिळतं, पण खात्रीचं नसतं. कापून मापात आणावं लागतं, लॉक नीट बसलं नाही तर धावत्या गाडीत सरकून बाहेर येतं. मग लोखंड काचेवर.

मालक : नीट बसवलंस तर का सरकेल?

या वादात लेखाचा कौल मालकाकडे झुकतो, एका अटीवर. फ्रेमचे सांधे मोकळे हलत असतील, नख्या वाकलेल्या नसतील, आणि गंज खाल्लेला नसेल, तर रबर बदलणे पुरते. पट्टीचा मरणारा भाग तेवढाच असतो, बाकी लोखंड अकारण फेकले जाते. रबराच्या दोन्ही कडांना ज्या पोलादी पत्त्या असतात त्या जुन्या रबरातून काढून नव्यात त्याच दिशेने घालाव्या लागतात. त्यांची वाकण काचेकडे यावी, आणि त्यांवरच्या खाचा रबराच्या खाचांशी जुळाव्यात. प्रत्येक नखीतून रबर गेले आहे ना हे बोट फिरवून पाहावे, आणि टोकाची लॉकची जागा बसली की रबर ओढून खात्री करावी. मिस्त्रीची भीती नख्या सैल झालेल्या फ्रेमला लागू पडते, आणि तिथे अख्खी पट्टी बदलणेच बरोबर. रबर घेताना त्यावरची तारीख मिळाली तर पाहावी. दुकानाच्या दारावर वर्षभर उन्हात टांगलेली पट्टी नवी असूनही म्हातारी असते.

सिलिकॉनच्या पट्ट्या महाग असतात, पण ओझोन आणि ऊन त्या नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ अधिक सोसतात. याचे कारण साखळीतच आहे : तिचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, त्यात ओझोनला धरायला दुहेरी बंध नसतो. कायम उघड्यावर राहणाऱ्या गाडीला हा खर्च पटण्यासारखा आहे. मात्र धुळीत फिरवून खाच पाडली तर सिलिकॉनही तेवढेच निकामी.

मिस्त्री : मामा, अजून एक. तुम्ही रबराला मधून मधून डिझेल लावता, खरं ना?

मालक : चकाकी येते. मऊही होतं.

मिस्त्री : फुगतं. दोन दिवस मऊ, मग भुसभुशीत.

नैसर्गिक रबर डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल शोषून फुगते, त्याची ताकद जाते, आणि उरलेला तेलाचा अंश काचेवर पसरतो. ग्रीस आणि खोबरेल तेलाचेही तेच. पट्टीला हवे ते इतकेच : पंधरवड्याने ओल्या, स्वच्छ फडक्याने कड दोन्ही बाजूंनी पुसणे. पावसाळ्यात हे आठवड्याने करावे. कड घासायला सँडपेपर वापरण्याची सवयही सोडावी. कारखान्यात कापलेली सरळ धार हाताने परत आणता येत नाही.

पट्टीच्या मागची यंत्रणा जुन्या गाडीत विसरली जाते. वायपर सुस्त फिरत असेल, मधेच अडकत असेल किंवा बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबत असेल, तर पट्टीकडे पाहू नये. सुस्तपणाचे कारण बहुधा मोटरला दांड्यांशी जोडणाऱ्या लिंकेजच्या कोरड्या पडलेल्या बुश आणि पिनांत, किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये सापडते. दांडे काढून पिना साफ करून ग्रीस भरले आणि अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला की मोटर पुन्हा वेग धरते. दोन दांडे एकमेकांच्या लयीत फिरत नसतील तर सॉकेट झिजलेले आहेत. मध्येच थांबणे हा मोटरमधल्या पार्किंग स्विचचा दोष असतो. वायपर काचेला चिकटलेला असताना बटण दाबले तर फ्यूज जाऊ शकतो, म्हणून लांब उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा चालवण्यापूर्वी पट्टी हाताने उचलून सोडवावी आणि काच ओली करावी.

मिस्त्री : आणि नोंदणीची बाजू? तुमच्या गाडीची पंधरा वर्षं कधीच झाली.

मालक : झाली. पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. तपासणीला गाडी न्यावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 101 काच असलेल्या वाहनाला यंत्रशक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असणे आवश्यक ठरवतो. ‘कार्यक्षम’ या अटीत पट्टी, दांडा आणि मोटर तिन्ही येतात. नूतनीकरणाआधी ही तिन्ही पाहून घेतलेली असणे मालकाच्या सोयीचे. पण तपासणीची तारीख पाच वर्षांनी येते आणि रबर दर उन्हाळ्यात जुने होते, तेव्हा कागदाच्या भरवशावर राहता येत नाही. येडशीजवळचा रस्ता अभयारण्याच्या झाडीतून जातो, रात्री जनावर आडवे येऊ शकते, आणि पावसात ते किती अंतरावरून दिसेल हे बरेचसे काचेवर ठरते.

नवी पट्टी किंवा नवे रबर बसवल्यावर दुकानासमोरच परीक्षा घ्यावी. काच स्वच्छ करून बादलीने पाणी ओतावे, आधी मंद आणि मग जलद गतीत प्रत्येकी दोन मिनिटे वायपर चालवावा. चालकाच्या जागेवर बसून पाहावे, बाहेरून नाही. नजर पट्टी वळते त्या टोकाच्या जागी ठेवावी, कारण कड तिथे कलंडते आणि दोष तिथेच आधी दिसतो. आवाज आला तर पट्टी काढून दांड्याचा कोन तपासावा. कोन बरोबर असूनही आवाज राहिला तर काच पुन्हा धुवावी. दोन्हींनंतरही राहिला, तरच पट्टी परत करावी. जुनी पट्टी बरी असेल तर ती कागदात गुंडाळून डिक्कीत ठेवावी, आणि सोबत एक सुती फडके व पाण्याची बाटली असावी.